वंदनेचा माईक

कुंडलच्या विहारात वंदना एकानं पुढं म्हणायची, बाकीच्यांनी मागनं. सगळ्यांबरोबर मागनं म्हणताना दीक्षा कधीच अडखळत नसे. एकटी बोलायला लागली की मात्र शब्द तोंडात रुतायचा आणि तो पुरा करायला माणसं टपलेलीच असायची. पंच्याण्णवच्या वैशाख पौर्णिमेला पुढं म्हणणाऱ्या धोंडीबाआजोबांचा आवाज बसला आणि तिनं सरळ त्यांच्यापुढचा माईक उचलला. "बु-बु-बु…" कर्ण्यातून अख्ख्या वस्तीभर घुमलं. पोरं फिस्सकन हसली. बायांनी मायेनं "बुद्धं" म्हणून टाकलं. चुलत्यानं हात पुढं केला, "दे गं माईक, कशाला जिवाला त्रास?" तिनं दिला नाही. "त-तात्या, तुमी खाली बसा. आन् समद्यांनी म-माझ्या मागनं म्हणायचं हाय, पु-पुढनं न्हाई!" तेही वस्तीनं ऐकलं. चुलता खाली बसला. दीक्षानं मग पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली, जिथं अडायचं तिथं खुशाल अडत.