आतली कडी

सरकारने बंदुकीसाठी परवान्याची अट काढून टाकली आणि पाठोपाठ शाळेतल्या प्रत्येक वर्गाला एक जाड पोलादी कपाट मंजूर केलं.

बालवर्गात ते बसवायला मिस्त्री आला तेव्हा बाई म्हणाल्या, “मधल्या फळ्या काढून टाका. आणि कडी आतून बसवा.”

मिस्त्रीला हसू आलं. “बाई, पुस्तकं काय स्वतःच कडी लावून घेणार?”

बाईंनी वर्गातल्या सगळ्यात बुटक्या मुलीला कपाटात उभं केलं आणि हात वर करायला सांगितलं. “हिचा हात पोचतो ना, तिथे.”

मिस्त्रीचं हसू विरलं. तिच्या बोटांपाशी पेन्सिलीने खूण करत तो म्हणाला, “फारच खाली येतेय. तुम्हाला लावताना वाकावं लागेल.”

“मी बाहेर असणार आहे,” बाई म्हणाल्या.