उरलंय तेवढी

“म्हणजे हे पैसे माझे आहेत, पण मला मिळणार नाहीत?” आईने विचारलं.

“मिळतील ना मावशी,” काउंटरवरची मुलगी म्हणाली. “खर्चायला मिळतील. घरी न्यायला नाही.” मग तिने शाळेतल्या बाईंसारखी दोन बोटं वर केली. “क्रेडिट दोन जातींचं असतं. एक परत मिळणारं. ते उरलं तर शेवटच्या दिवशी आम्ही रोख हातात देतो. दुसरं परत न मिळणारं. ते बोटीवरच संपवायचं. उद्या सकाळी बोट धक्क्याला लागली की ते संपलं.”

“संपलं म्हणजे जातं कुठे?”

“कुठेच जात नाही. ते नव्हतंच, असं धरतात.”

आईने सबंध प्रवासभर कॉफीला हात लावला नव्हता. कॉफीचे पैसे वेगळे पडत, म्हणून ती यंत्रातलं गरम पाणी कपात घेऊन, फुंकर मारमारून, कॉफीसारखं प्यायची. धाकटी मुलगी नवऱ्याचं घर सोडून लेकीसह मैत्रिणीकडे पडली होती. तिला दोन खोल्या मिळत होत्या, फक्त डिपॉझिट अडलं होतं. थोरल्या मुलाने या सहलीत “आई, मनासारखा खर्च कर” म्हणून तिच्या नावाच्या बोटीवरच्या कार्डात क्रेडिट भरलं, तेव्हा आईचं मन कुठे होतं हे त्यालाही ठाऊक होतं.

तो तरणतलावाशी खुर्चीत आडवा पडला होता.

“तू मला परत न मिळणारं घेतलंस?”

“मग काय करणार?” त्याने काळा चष्माही काढला नाही. “दुसरं घेतलं असतं तर तू पै पै उरवून तिच्या बोडक्यावर नेऊन घातली असतीस. मी तुझ्यासाठी दिलेत, तुझ्यावरच खर्च झाले पाहिजेत. जा, पाय चोळून घे. दुखतात ना?”

दुखत होते. त्याच पायांनी आई परत काउंटरवर गेली.

“हे दारूला चालतं का गं?”

“चालतं की! दारू, मालिश, दुकान. फक्त जुगाराला नाही.”

“आणि माझ्या कार्डावर दुसऱ्या कुणी प्यायलं तर?”

“कोणाच्या घशात गेलं, ते आम्ही बघत नाही, मावशी.”

नवरा पिऊन आला की आई त्याचं ताट दाराबाहेर नेऊन ठेवायची. ती आई भरदुपारी बारच्या उंच स्टुलावर चढून बसली. पाय जमिनीला टेकेनात. शेजारी फुलाफुलांच्या शर्टातले एक टकले गृहस्थ किमतींचा तक्ता वाचून सुस्कारे सोडत होते.

“अर्ध्या किमतीत देते,” आई हळूच म्हणाली. “रोख.”

टकल्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या पर्सकडे. “मावशी, माल खरा आहे ना?”

“माल त्या बारमागच्या पोराकडे आहे. मी नुसतं कार्ड देते.”

बारवाल्याने कार्ड पाहिलं, आईला पाहिलं आणि नियमात बसतं म्हणून ओतलं. नोट आईच्या चष्म्याच्या डबीत गेली. थोड्या वेळाने टकले चार मित्र घेऊन आले, मित्रांनी मेव्हणे आणले, आणि तासाभरात स्टुलामागे रांग लागली. एक जण तिसऱ्यांदा आला, तेव्हा आईने त्याचा वास घेतला.

“तुम्हाला पुरे. लिंबूसरबत घ्या.”

“तेही अर्ध्या किमतीत?”

“सगळं अर्ध्या किमतीत.”

रांग कशाची आहे हे बघायला थोरलाही रिकामा ग्लास घेऊन आला. फुकट असेल तर, या आशेने. आई दिसली आणि त्याचा काळा चष्मा आपोआप कपाळावर गेला.

“आई, हे काय चाललंय?”

“खर्च करतेय. मनासारखा.”

“लोक काय म्हणतील?”

“थँक्यू म्हणताहेत.”

“ओ भाऊ, रांगेतून या,” मागून कुणीतरी म्हणालं.

थोरला तिच्या कानाशी वाकला. “हे तिला देणार ना? माझे पैसे?”

आईने डबी मिटायला घेतली. ती मिटेना. “माझे,” ती म्हणाली. “परत न मिळणारे.”

“ठीक आहे. मग उद्या धक्क्याला लागलो की तू बॅग उचलायची आणि सरळ तिच्याकडे जायचं. माझ्या घरी यायचं नाही. मला आई नव्हतीच, असं धरेन मी.”

हे तो इतक्या सहज म्हणाला, की जणू त्यालाही कुणी काउंटरवर समजावून सांगितलं होतं. मग रिकामा ग्लास बारवर ठेवून तो निघून गेला. टकले गृहस्थ छताकडे बघू लागले. रांगेतले मागचे लोक तेवढे बोलत राहिले, कारण त्यांना ऐकू आलं नव्हतं.

आई मनातल्या मनात त्या दोन खोल्या लावू लागली. धाकटी आणि तिची लेक आतल्या खोलीत. बाहेरच्या खोलीत, दाराशी, एक गादी.

“मावशी,” बारवाला म्हणाला, “कार्ड संपत आलंय. यात आता ग्लास बसत नाही. काय करू?”

आईने डबीला रुमाल बांधला आणि ती पर्समध्ये अगदी तळाशी सारली.

“कॉफी दे.”

“कोणाला?”

“मला.”

“लहान की मोठी?”

आईने लटकणाऱ्या पायांकडे पाहिलं.

“उरलंय तेवढी.”