थोरल्या साडूची नाडी

नाडी मोजायची क्लिप थोरल्या साडूच्या बोटाला लावायची, हे धाकट्यानेच सुचवलं.

“साडूभाऊंचं बोट घ्या की. घरचंच आहे,” तो म्हणाला. हॉस्पिटलकडून पाहणीला आलेल्या डॉक्टरबाई हसल्या, साहेब हसले. थोरल्याने बोट पुढे केलं आणि तोही हसला, पण जरा उशिरा.

दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी आणि दोघांची टेबलं शेजारीशेजारी. धाकट्याला या कंपनीत चिकटवलं ते थोरल्यानेच. त्या उपकाराची फेड म्हणून की काय, सासरी पंख्याखालची खुर्ची आता धाकट्याची झाली होती आणि थोरल्याची बायको भाजी वाढताना “भाऊजी बघा कसे” एवढंच म्हणून पुढचं वाक्य पातेल्यात ठेवत असे. आज नाडी मोजणारं हे उपकरण बाईंना पसंत पडलं, तर साहेब गटाचा प्रमुख नेमणार होते. उपकरण आणि संगणक यांच्यात बोलणी करणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, धाकट्याने लिहिला होता.

पडद्यावर आकडा उमटला. अठ्ठ्याहत्तर. थोड्या वेळाने शहात्तर.

“हे आपोआप कसं होतं?” बाईंनी विचारलं.

धाकटा खुलला. “सोपं आहे मॅडम. ड्रायव्हर टायमरला सांगून ठेवतो, एवढ्या वेळाने मला हाक मार. हाक आली की तो उठतो, क्लिपला विचारतो, ‘आता किती?’ आकडा पडद्यावर ठेवतो आणि पुन्हा आडवा होण्याआधी पुढच्या हाकेचं सांगून ठेवतो. आपण विसरलो तरी तो विसरत नाही.”

“आमच्या ह्यांना बसवता येईल का हे?”

साहेब पोट धरून हसले. थोरल्याला मात्र हसू फुटेना. ही हाक, हे उठणं, हे आडवं होणं, सगळं त्याचं होतं. धाकटा नवा असताना त्यानेच त्याला असं समजावलं होतं. तेव्हा कुणी हसलं नव्हतं.

असू दे. हसून घ्या, त्याने मनात म्हटलं.

कारण सकाळी हाच ड्रायव्हर त्याच्याकडे तपासायला आला होता. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने वाचल्याशिवाय पुढे जात नाही, हा इथला शिरस्ता. वाचत वाचत तो शेवटाला आला, क्लिपची वायर संगणकातून निघाली तर काय करायचं त्या भागाशी. धाकट्याने आवराआवर झकास केली होती, संगणकाच्या मेमरीत घेतलेली जागाही परत केली होती. फक्त टायमर थांबवायचा राहिला होता. म्हणजे वायर निघणार, ड्रायव्हरचं बिऱ्हाड उठणार आणि टायमर मात्र ठरल्या वेळी रिकाम्या घराच्या दारात येऊन हाक मारणार. असं झालं की अख्खं यंत्र जागच्या जागी गोठतं. थोरल्याने ते पाहिलं, खुर्चीत मागे रेलला आणि ‘ठीक आहे’ असा शेरा मारून मोकळा झाला. दुपारचा डबा त्याला कधी नव्हे तो गोड लागला.

“आता मॅडम, समजा पेशंट कुशीवर वळला आणि वायर निसटली,” साहेब म्हणाले आणि त्यांनी वायरीकडे हात नेला.

पडद्यावर ब्याण्णव आले.

“अरेच्चा!” साहेबांनी हात मागे घेतला. आकडा हळूहळू उतरला. त्यांनी पुन्हा हात नेला. एकशे सहा.

बाईंनी चष्म्यावरून थोरल्याकडे पाहिलं. “तुम्हाला बरं वाटत नाहीये का?”

“छे छे. मजेत आहे.”

एकशे चौदा.

धाकटा इतका वेळ आकड्यांकडे कौतुकाने बघत होता. आता त्याने साहेबांच्या हाताकडे पाहिलं, मग वायरीकडे, मग थोरल्याच्या तोंडाकडे. थोरला छताकडे बघत होता. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं.

“साहेब, वायर नका काढू. एक मिनिट.”

त्याने दुसऱ्या पडद्यावर ड्रायव्हर उघडला आणि तडक शेवट गाठला. वाचताना त्याचे ओठ हलत होते. मग ते थांबले आणि कान लाल झाले.

“टायमर थांबवायचा राहिलाय,” तो म्हणाला. “चूक माझी आहे. वायर काढली असती तर सगळं बंद पडलं असतं. तुमचा चहा होईपर्यंत नीट करतो.”

साहेबांच्या कपाळावर आठी पडली. पण बाईंनी उचललेली पर्स पुन्हा खाली ठेवली.

“करा सावकाश. चूक झाली असं चारचौघांत म्हणणारा माणूस मशीनच्या मागे असला, की मला रात्री झोप लागते.”

साहेबांची आठी गेली. त्यांनी धाकट्याच्या पाठीवर थाप मारली आणि तो हात तिथेच राहू दिला. थोरल्याने तो हात पाहिला. कोण प्रमुख होणार हे आता त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

धाकट्याने खुर्ची वळवली. आवाज त्याने खालीच ठेवला होता, पण खोली लहान होती.

“साडूभाऊ, सकाळी वाचलंत तेव्हा हे तुम्हाला दिसलं नव्हतं ना?”

“नाही रे बाबा,” थोरला म्हणाला. “दिसलं असतं तर सांगितलं नसतं का मी?”

क्लिप बोटालाच होती. टायमरने हाक मारली, ड्रायव्हर उठला, त्याने विचारलं. पडद्यावर नवा आकडा आला आणि थोरल्यासकट चौघांनीही तो वाचला.