कडूबाईनं ठेवलेलं प्रस्थान

“व्हय, गेली ती. बुधवारीच निघाली,” कडूबाई खाटेवर पडल्या पडल्या फोनवर भावाला सांगत होती, आणि ज्या लेकीबद्दल सांगत होती ती सुकन्या चहाची कपबशी घेऊन तिथंच उभी होती.

“आई, अगं मी इथंच आहे!”

कडूबाईनं मानसुद्धा वळवली नाही. फोन उशाशी ठेवला आणि भिंतीकडं बघत राहिली.

आता काय म्हणावं या बाईला! न्हाणीत घसरून खुबा मोडला, तेव्हापासून वर्षभर ती खाटेला खिळलेली. कुशीवर वळायलाही दुसऱ्याचा हात लागायचा. कण्हायला लागली की अख्ख्या आळीला झोप नसायची. दिवसा सुकन्याची चुलत भावजय विजयमाला तिच्यापाशी बसायची. सुकन्या नागापूरच्या कारखान्यात पंप तपासायच्या कामाला होती. कोल्हारहून रोज एसटीनं जाऊन-येऊन करायची आणि संध्याकाळी आईचं सगळं हातानं करायची.

त्यात कंपनीनं तिला नऊ महिन्यांसाठी झुरिकला पाठवायचं काढलं. फोटो बघावेत तर डोळ्यांचं पारणं फिटावं. निळंशार पाणी, काठाला टुमदार घरं, मागं बर्फाचे डोंगर. महागाई मात्र अशी, की तिकडं राहून आलेला साहेब म्हणाला, “एका चहाचे पैसे देताना मला इथला किराणा आठवायचा.” पण महागाईचं काही नव्हतं, भत्ता कंपनी देणार होती. घोर होता तो आईचा. आपण तिकडं असताना आईचं काही बरंवाईट झालं तर? सुकन्याला घास गोड लागत नव्हता. सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

आणि बुधवारी अंधार पडल्यावर ती कामावरून आली, तर आई म्हणाली, “तुजं परस्थान ठिवलंय. रतनबाईच्या घरी.”

निघायचा चांगला दिवस गाठता येत नसेल, तर जुनी माणसं त्या दिवशी प्रस्थान ठेवतात. सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ फडक्यात बांधायचे आणि ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या घरी ते गाठोडं नेऊन ठेवायचं. गाठोडं उंबऱ्याबाहेर पडलं की माणूस निघालं असं धरायचं. झुरिक पश्चिमेला, आणि आईची जुनी मैत्रीण रतनबाई, तिचं घर गावाच्या पश्चिमेला, नदीच्या अंगाला. विजयमाला वहिनीच्या हातून धाडलं असेल, असं सुकन्याला वाटलं.

पण बुधवारपासून आईच्या लेखी ती घरात उरलीच नाही. घास भरवला तर म्हणायची, “विजयमाला, मीठ कमी पडलं गं.” केस विंचरले तर पुटपुटायची, “पोचली आसंल का पोरगी?” सुकन्यानं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून आपल्याकडं वळवला, तर आईचे डोळे तिच्यातून आरपार पलीकडं बघत होते. गुरुवारी सकाळी अंथरूण झटकलं, तर पायथ्याला चिमूटभर वाळू सांडली. मांजर येऊन गेलं असेल म्हणून तिनं ती झाडून टाकली.

रविवारी दुपारी हा फोन झाला आणि सुकन्याचा बांध फुटला. एवढं जड झालो का आपण आईला? जिवंत माणसाला गेली म्हणून सांगते! “खड्ड्यात गेलं ते झुरिक,” ती म्हणाली. “उद्या सरळ नाही म्हणून कळवते.” आणि तशीच पायांत चपला सरकवून गाठोडं परत आणायला निघाली.

रतनबाई वर्षभर लेकीकडं संगमनेरला राहून नुकतीच परतली होती. अंगणात शेंगा फोडत बसलेली.

“काकू, माझं प्रस्थान न्यायला आले. मी जात नाही.”

“आगं, ठिवलेलं आसं मोडू नये बाई.” पण पोरीचे रडून सुजलेले डोळे बघून ती उठली आणि तिला आतल्या खोलीत घेऊन गेली.

पश्चिमेच्या भिंतीशी जांभळ्या खणाचं गाठोडं होतं. तो खण आपलाच, हे सुकन्यानं ओळखलं. तिनं गाठोडं उचललं आणि वळली, तर दुसऱ्या कोपऱ्यात आणखी एक गाठोडं. पांढऱ्या फडक्याचं.

“हे कुणाचं?”

“तुज्या आयचं की.”

सुकन्यानं कोपरा पुन्हा पाहिला. दक्षिणेचा होता. तिकडं पाय करून कुणी झोपतसुद्धा नाही. “काकू, हे इथं कशाला ठेवलंत?”

“मी कशाला ठिवू? तिनंच ठिवलं, तिच्या हातानं. म्हनलं, कडू, ह्या दिशेला कुनी ठिवतं का गं? तर नुसती हासली.”

“आई इथं आली होती? कुणी आणलं तिला?”

“कुनी आनायला ती काय ल्हान हाय? बुधवारी दिवेलागनीला आली की चालत, नदीच्या कडंकडंनं. चांगली तुरुतुरु चालत हुती.”

रतनबाईचं आपलं चालूच होतं.

“च्या ठिवते, बस म्हनलं, तर न्हाई म्हनली. म्हनली, आदी माज्या लेकीला पोचू दे. ती घरात हाय तवर माजा पाय निघत न्हाई.”