ओट्यापुरता पाहुणचार

“चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर पायी निघालेल्याला आपल्या ओट्यावरून उठवायचं नाही,” असं सासूबाई वारण्याआधी बजावून गेल्या होत्या. म्हणून धुळ्याच्या घराचा ओटा प्रमिलाबाईंनी तेवढा मोकळा ठेवला होता. घरात मात्र कुणाला घेत नसत. असले धुळीचे पाय नव्या फरशीवर कोण फिरवून घेणार?

भर उन्हात भागाबाई नावाची म्हातारी येऊन टेकली, तेव्हा त्यांनी लांबूनच तांब्या सरकवला.

“एस.टी. बंद पडल्या का हो, अक्का? की वाटेत फुकटची भाकर मिळते म्हणून ही पायपीट?”

म्हातारी घटाघट पाणी प्यायली.

“आणि देवीकडे एवढं मागायचं तरी काय असतं तुम्हाला?”

“मन्हं काहीच नही, माय. तुन्हा पोऱ्या तापमा पडेल व्हता, तवय याच ओट्यावर तुन्ही सासू माले बोलनी, ‘पोऱ्या बरा व्हई गया ते गडवर पायी येसू.’ पोऱ्या बरा व्हई गया, पन तीच गई. तिना नवस फेडाना ऱ्हई गया, म्हनीसन मी चालस.”

प्रमिलाबाई आत गेल्या. पोराला सांभाळा, एवढंच नवऱ्याला सांगितलं. मग म्हातारीचं गाठोडं स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि अनवाणीच तिच्यासोबत रस्त्याला लागल्या.