मंगळवारची गाडी

वेंडेलच्या कसल्याशा विनोदावर आर्डिस तोंडावर हात ठेवून हसली आणि सभागृहात पुढच्या रांगेत बसलेल्या हार्लनच्या अंगाचा तिळपापड झाला. बायको आपली, गाडी आपली, डी मॉईन शहरापर्यंतचं पेट्रोल आपलं. आणि हसू मात्र पतसंस्थेच्या मॅनेजरसाठी!

दहा वर्षांतून एकदा वॉशिंग्टनचे साहेब लोक लहान बँकांना आणि पतसंस्थांना असं बोलावून विचारायचे, की बाबांनो, आमचा कुठला नियम जाचतो? बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं. हार्लन या दिवसाची वाटच बघत होता. पतसंस्था निघाल्या एकेका कारखान्याच्या कामगारांसाठी. आता नियम सैल झाले तशा त्या गावोगावच्या बँकाच गिळत सुटल्या होत्या. त्यांना वेसण घाला, असं तो ठणकावून सांगणार होता.

केल्बी गावात त्याची बँक आणि वेंडेलची पतसंस्था समोरासमोर. सासऱ्यांनी जाताना बँक लेकीच्या नावे केली आणि खुर्ची जावयाला दिली. त्या खुर्चीतून खिडकीबाहेर पाहिलं की पतसंस्थेतली गर्दी दिसायची आणि हार्लनचा जीव जळायचा.

हल्ली जळायला आणखी एक कारण मिळालं होतं. दर मंगळवारी आर्डिसची गाडी पतसंस्थेच्या मागच्या दारी उभी असायची. विचारलं तर म्हणायची, "चर्चच्या जेवणाचं बघत होते." चर्च गावाच्या दुसऱ्या टोकाला.

मधल्या सुट्टीत त्याने वेंडेलला कॉफीपाशी गाठलं.

"आमच्या घरात फार लक्ष घालतोयस हल्ली."

वेंडेलचा चेहरा उतरला. "कळलं तुला?"

"मी काय आंधळा आहे?"

"तीच सांगणार होती रे. हे बघ, सगळं मानाने होईल. तुला काही कमी पडू देणार नाही."

कमी पडू देणार नाही म्हणे! हार्लनच्या मुठी वळल्या. पण इथे हात उचलला तर गाव हसेल, आणि आर्डिस जायची ती जाईलच. त्याने रागाचा घोट गिळला.

"मी तुमच्याविरुद्ध ब्रसुद्धा काढत नाही. पण ते मंगळवार बंद."

"बंदच समज," वेंडेल म्हणाला आणि त्याने हार्लनचा हात दोन्ही हातांत घेऊन जोरजोरात हलवला. निर्लज्ज कुठला!

नाव पुकारल्यावर हार्लन माईकपाशी गेला. "पतसंस्थांबद्दल माझी काही तक्रार नाही," एवढंच बोलून तो खाली बसला. शेजारचे बँकवाले आ वासून बघत राहिले.

परतताना मैलोन्‌मैल मक्याची शेतं मागे पडली. ही नसली तर त्या घरात आपण करायचं काय, हा विचार हार्लनला सोडेना. शेवटी त्याने मन घट्ट केलं.

"आर्डिस, मला सगळं ठाऊक आहे. वेंडेलला दिलं असशील ते दिलं. मी माफ केलं. विषय संपला."

आर्डिसच्या डोळ्यांत पाणी आलं. "खरंच? मला वाटलं, तू घर डोक्यावर घेशील."

"मला तू हवी आहेस. बाकी काही नको."

"वेडा रे वेडा! तुझ्यासाठीच तर इतके मंगळवार भांडले त्याच्याशी," तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. "नवऱ्याची पेन्शन ठरल्याशिवाय मी तुला बँक विकणार नाही, असं बजावलं त्याला. एक तारखेला किल्ल्या तेवढ्या त्याला देऊन ये हं."