आईची डिक्शनरी

आईला इंग्रजी येत नव्हतं आणि त्या दवाखान्यात मराठी कुणालाच येत नव्हतं, म्हणून नेहमीप्रमाणे ती अकरा वर्षांच्या लेकीला सोबत घेऊन आली. “माझी चालतीबोलती डिक्शनरी आहे ही,” असं ती कौतुकानं सगळ्यांना सांगायची. शाळेतल्या शब्दांच्या स्पर्धेत लेकीचा पहिला नंबर कधी चुकला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी आईचा रिपोर्ट पाहिला आणि एक लांबलचक इंग्रजी वाक्य सांगितलं. त्यात ‘मॅलिग्नन्सी’ असा एक शब्द होता. लेकीला तो अर्थासकट पाठ होता.

“काय म्हणतायत गं?”

“एक शब्द अडला, आई.”

“अगं बाई! एवढी बक्षिसं आणलीस आणि नेमका आजच अडला होय? मग विचार की त्यांना, लाजतेस कसली?”

आता दोघीही तिच्याच तोंडाकडे बघत होत्या. लेकीनं मान जी खाली घातली, ती वर केलीच नाही.

 

एवढ्याशा पोरीला हा शब्द कुठून कळणार, असं डॉक्टरीणबाईंना वाटलं असावं. त्या आईकडे वळल्या आणि त्यांनी सोपा शब्द वापरला, “कॅन्सर.”